खायचं की बघायचं?

मनगटेबाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी चहा घेतला नाही, खुर्चीतही बसल्या नाहीत. खिडकीत बाटलीत लावलेल्या मनीप्लँटसमोर उभ्या राहिल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, हे खायचं का बघायचं?"

"बघायचं," सुमन म्हणाली.

"नुसतंच बघायचं?"

"हो."

आठ दिवस मुक्काम ठोकून कामाला हात न लावणाऱ्या पाहुण्याकडं बघावं तसं बाईंनी त्या वेलाकडं बघितलं. "मग पाणी कशाला घालता ओ," एवढं म्हणून त्या आमच्या चिमीचं नाव बालवाडीसाठी लिहून घ्यायला बसल्या.

बाईंच्या लेखी जगातल्या झाडपाल्याच्या दोनच जाती होत्या. खायची आणि बघायची. कॉलनीच्या अध्यक्षांनी, म्हणजे जाधवकाकांनी, फाटकावर बोगनवेल चढवली होती आणि तिचं त्यांना भारी कौतुक. बाई रोज त्या फाटकावरून जायच्या, पण मान वर करून बघायच्या नाहीत. गुलाब त्यांच्या तावडीतून सुटला तो गुलकंदामुळं. सगळ्यात मान होता शेवग्याला. "पाला खा, फुलं खा, शेंगा खा. एका झाडात तीन भाज्या," त्या म्हणायच्या. "आन् तुमचा तो अशोक. नुसता उभा."

आमची कॉलनी चिकलठाण्याच्या अंगाला होती. कारखाने येऊन थोडीच वर्षं झाली होती आणि कुणी जालन्याहून, कुणी बीडहून, कुणी वैजापूरहून येऊन तिथं बिऱ्हाड थाटलेलं. मी एका कंपनीत स्टोअरकीपर होतो आणि कॉलनीच्या मंडळाचा चिटणीस. चिटणीस म्हणजे ज्याच्याकडं सगळ्यांनी तक्रार करायची आणि ज्यानं कुणाकडंच करायची नाही असा माणूस. समाजमंदिराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत मंडळाची बालवाडी भरायची. ती चालवायला आम्ही मनगटेबाईंना आणलं. बाई मूळच्या कन्नड तालुक्यातल्या. वय विचारलं तर सांगायच्या, "पोलीस ॲक्शनच्या साली जन्म. गावात पळापळ चालली व्हती, कुणाला ऐकू जात नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं रडायची सवय लावून घेतली." आवाज खरोखरच तसा होता. बालवाडीत गाणं सुरू झालं की पाळीवरून येऊन झोपलेले बाप उठून बसत.

त्या एकट्याच राहत. लग्न झालेलं होतं एवढं कळलं होतं, पुढचं कुणी विचारलं नव्हतं. बाईंना पोरांखेरीज दुसऱ्या विषयावर बोलतं करणं अवघड होतं.

आणि पोरांना त्या काय शिकवायच्या, तर भाजी. मूळ, खोड, पान, फूल, फळ, बी. तक्त्यावर नाही, ताटात. "आधी तोंडात, मग डोक्यात," हा त्यांचा मंत्र. रविवारी सकाळी जाफर गेटच्या बाजारात त्या जायच्या, आणि भाजी घ्यायच्या ती मुळासकट, मातीसकट. कोथिंबिरीची जुडी त्यांना मुळं छाटलेली चालायची नाही. मुळा पाल्यासकट पाहिजे आणि जमलं तर त्याच्या डिंगऱ्या, म्हणजे शेंगाही पाहिजेत. एकदा मी बरोबर होतो. रशीदभाई भाजीवाल्यानं त्यांना लांबून बघितलं आणि पाटीखालून एक गाठोडं काढलं.

"जड़ के साथ रखा मैं तुम्हारे वास्ते," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "भाईसाब, लोगां मूली का पाला फेंक को जाते. ये बाई पाले को देखते, जड़ को देखते, उलटा करके देखते. भाजी लेने आते की लड़की देखने, समझताच नहीं."

"लेकरांला दावायचं असतंय रशीदभाई."

"दिखाओ ना. मैं ना कब बोला." काकडी, दोडका असलं काही घेतलं की तो आपणहून देठाकडचा तुकडा कापायचा, स्वतः खाऊन बघायचा आणि मगच पिशवीत टाकायचा. बाई तो खाऊन होईपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघत थांबायच्या. मला वाटलं, जुन्या गिऱ्हाइकाचा हा मान असेल.

सोमवारी बालवाडीत पोरं गोल करून बसायची. बाई विळीवर भाजी चिरायच्या. पहिला तुकडा स्वतःच्या तोंडात, मग पोरांना. आणि खरी गंमत त्यानंतर. पोरानं खाल्लेल्या तुकड्याची चव सांगायची. "छान" म्हणायची बंदी होती. "छान म्हंजे काय? छान तर तुझा शर्ट पण हाय. कसं लागतंय ते सांग." मग बाई डोळे मिटून घ्यायच्या आणि पोरं डोकं खाजवत शब्द शोधायची. मुळा नाकात चावतो, असं एकानं सांगितलं. घोळाची भाजी चाटलेल्या पाटीसारखी लागते. हरभऱ्याचा पाला आंबट. "कुठं आंबट? दाताला का जिभंला?" "बोटाला," चिमी म्हणाली होती, कारण तिनं पाला खाण्याऐवजी तो खुडलेली बोटं चोखली होती. बाईंनी डोळे मिटूनच मान डोलावली आणि म्हणाल्या, "बराबर. आंब बोटालाच असती."

या शिक्षणाचे परिणाम घरोघर दिसू लागले. चिमी जेवायला बसली की आईची तपासणी घ्यायची. "काल वांगं, आज भेंडी. दोन्ही फळंच की. पान कधी करणार?" शेजारच्या दादूनं एका लग्नाच्या पंगतीत बटाट्याची भाजी वाढायला आलेल्या माणसाला हातानं थांबवलं आणि "मला खोड नको" असं सांगितलं. तो बिचारा बादलीत बघत राहिला. एका आजोबांना नातवानं विचारलं, "तुम्ही पान खाता आणि थुंकता, मग ते खायचं की बघायचं?" आजोबांनी ती तक्रार माझ्याकडं आणली. मी ती लिहून घेतली आणि विसरून गेलो.

प्रकरण चिघळलं ते सव्वीस जानेवारीला. जाधवकाकांनी महसूल खात्यातले आपले जुने साहेब झेंडावंदनाला बोलावले होते. काका निजामी अमदानीतल्या कचेरीत वाढलेले, त्यांच्या बोलण्यात अजून दफ्तर आणि तहकीकात असायची. साहेबांना मोठा हार घातला, झेंडूचा, मध्ये गुलाब. भाषण झाल्यावर साहेबांनी हार काढून टेबलावर ठेवला आणि पुढं बसलेल्या पोरांकडं बघून हसले. दादू उठला, टेबलाजवळ गेला आणि त्यांनाच विचारलं, "साहेब, हे खायचं का बघायचं?"

साहेबांना काय कळणार. ते म्हणाले, "घे, घे बाळा."

आभारप्रदर्शन व्हायच्या आत हारातले सगळे गुलाब संपले. साहेब बघत राहिले, काका लाल झाले, आणि बाई मात्र शांत उभ्या. नंतर मी त्यांना बोललो तर मलाच म्हणाल्या, "भाऊ, झेंडू कुनी खाल्ला का? बघा बरं. एक तरी पाकळी गेली का झेंडूची? नाय ना. म्हंजे शिकवलेलं बसलं डोक्यात."

मुद्दा बिनतोड होता, पण काकांच्या गळी उतरणारा नव्हता. त्यातच कॉलनीत इंग्रजी नर्सरीचं वारं शिरलं होतं. गावात कुणाची तरी पोरं टाय लावून ए बी सी डी म्हणत होती आणि आमची डिंगऱ्या खात होती. एका संस्थेनं समाजमंदिराची खोली मागितली. काकांनी फर्मावलं, "उन्हाळ्याच्या आत हा मसला निकाली काढू. बाई ठेवायच्या, का नर्सरी आणायची."

बाईंना ते कळलं तशा त्या माझ्या दारात आल्या. नेहमीचा आवाज नव्हता. "भाऊ, बालवाडी तेवढी राहू द्या. मला दुसरं काय बी येत नाय ओ." मग जरा थांबून म्हणाल्या, "समद्यांला एकदा वर्गात बोलवा. बसून बघा म्हणावं. मग ठरवा."

मला ते पटलं. मी सगळ्या आईबापांना शनिवारी सकाळी बोलावलं. काका पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले. रशीदभाईकडं त्या आठवड्यात बाईंना मनासारखा माल मिळाला नव्हता, म्हणून त्या एसटीनं कन्नडच्या बाजाराला जाऊन आल्या होत्या. पाच-सहा पिशव्या ताज्या भाज्या. वर्ग असा रंगला की विचारू नका. पोरं करडईची पानं ओळखत होती, हादग्याच्या फुलातला कडू दांडा काढून दाखवत होती, कांदा जमिनीत वाढूनही मूळ कसा नाही हे बापांना सांगत होती. बाप मंडळी आपसात वाद घालू लागली. काकांनी सुद्धा एकदा "वा" म्हटल्याचं मी ऐकलं. मी मनात म्हटलं, जिंकली बाई.

मग त्यांनी काकडी घेतली. कोवळी, हिरवीगार, नजर लागावी अशी. चकत्या केल्या, रीतीप्रमाणं पहिली स्वतः खाल्ली, "चांगली हाय," म्हणाल्या आणि ताटली फिरवली. पोरांनी एकदम तोंडात टाकल्या.

पहिल्यांदा दादू थुंकला, थेट काकांच्या पायजम्यावर. मग सगळीच थुंकायला लागली. दोघं-तिघं रडायला लागली, चिमीला उमासे येऊ लागले. काकांनी ताटलीतली चकती उचलून जिभेला लावली आणि त्यांचा चेहरा असा झाला की खुर्चीमागची माणसं उठून उभी राहिली.

"बाई, कडू जहर हाय की ओ," एक आई म्हणाली.

बाईंच्या तोंडात दुसरी चकती होती. त्या ती निवांत चावत होत्या. त्यांचं तोंड हलायचं थांबलं.

"हाय का?" त्यांनी विचारलं.

बाई एकेका पोराकडं बघत होत्या, कुणाचं तोंड धुवायचं, कुणाला पाणी द्यायचं, आणि त्यांना काहीच सुचत नव्हतं. सुमन उठली, बाईंच्या पुढ्यातली ताटली तिनं काढून घेतली आणि त्यांना भिंतीशी बसवलं. काका पायजमा झटकत म्हणाले, "आता तहकीकात कशाला पाहिजे? उद्या संध्याकाळी मीटिंग." आणि निघून गेले.

दिवेलागणीला मी आणि सुमन बाईंच्या खोलीवर गेलो. मी पहिल्यांदाच आत जात होतो. मला वाटलं होतं, घर म्हणजे निम्मी मंडई असेल. एक स्टोव्ह, एक पातेलं, डाळ-तांदळाचे डबे आणि मीठ. मिरची नाही, तेलाची बरणी नाही, कोथिंबिरीची काडी नाही. पातेल्यात खिचडी होती, पांढरी. सुमननं ती बघितली आणि विचारलं, "कधीपासून, बाई?"

बाईंनी टाळाटाळ केली नाही. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हा त्यांना मुदतीचा ताप आला. ताप गेला तो वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. "वैद्य झाले, घाटी दवाखान्यातले डाक्टर झाले. म्हणले येईल हळूहळू. नाय आली." सासरचं घर मोठं, स्वयंपाक त्यांच्याकडं. एक दिवस डाळ आळणी, एक दिवस मिठाचा खडा. पाहुण्यांसमोर जळलेली आमटी वाढली, कारण जळल्याचा वास त्यांना आलाच नव्हता. सासूला वाटायचं, सून मुद्दाम करते.

"नवरा वाईट नव्हता ओ," बाई म्हणाल्या. "पर रोज खारट कोण खाईल? त्यानंच माहेरी आणून सोडलं. जाताना माझ्या आईच्या हातच्या दशम्या बांधून घेऊन गेला. आवडायच्या त्याला."

त्या हसल्या, आणि मला कुठं बघावं ते कळेना. आमची अख्खी कॉलनी जिला खादाड समजून हसत होती, ती बाई इतकी वर्षं पांढरी खिचडी गिळून झोपत होती. मला फार वाईट वाटलं.

"मग पोरांना तेवढं विचारत बसता ते," मी म्हणालो.

"पोरं सांगत्यात तव्हा मला आठवतं. मुळा नाकात चावतो म्हणला ना दादू, लई दिवस पुरलं मला तेवढं." मग त्या एकदम सावरून बसल्या. "भाऊ, हे मीटिंगमधी सांगू नका. बाईला चवच नाय म्हणल्यावर लेकरं कोण पाठवील? आन् कीव करून ठेवलेली बाई मला व्हायचं नाय."

दुसऱ्या दिवशी मीटिंगला मी वचन पाळून गप्प बसलो, आणि काकांनी नर्सरीचा ठराव मांडला. आमच्या मीटिंगला बायका येत नसत. त्या दिवशी आल्या. सगळ्या. मागं उभ्या राहिल्या.

"बालवाडी बाईंकडंच राहील," सुमन म्हणाली. "इंग्रजी अक्षरं शिकवायला जोशीवहिनी रोज अर्धा तास येतील, त्या मॅट्रिक आहेत. आणि भाजीची चव पोरांच्या आधी आम्ही बघू. पाळीपाळीनं."

"पण तुम्ही का?" काका म्हणाले. "सबब काय?"

"सबब असू द्या काका," मागून एक आजी म्हणाल्या.

काकांनी माझ्याकडं बघितलं, मी माझ्या चपलेकडं. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण रोज स्वयंपाक करणाऱ्या बायांना त्या "हाय का?" मध्येच सगळं कळलं होतं. आम्हा पुरुषांना मीटिंग घ्यावी लागली. घरोघर पोळ्या ज्यांच्या हातात, त्या सगळ्या एका बाजूला उभ्या आहेत हे काकांच्या अनुभवी नजरेनं ओळखलं आणि ठराव आपोआप दफ्तरदाखल झाला.

सोमवारी पहिली पाळी सुमनची होती. माझी ड्यूटी दुपारची, म्हणून मीही जाऊन मागं बसलो. बाई कानकोंड्या झाल्या होत्या. आयांनी का ठेवून घेतलं हे त्यांना कळलेलं होतं, आणि त्यांना नको असलेली कीव ती हीच की काय, या विचारानं त्या मान वर करीत नव्हत्या. विळी आज सुमनच्या पुढ्यात होती. समाजमंदिरामागच्या झाडाच्या गाभुळलेल्या चिंचा तिनं आणल्या होत्या. तिनं एक तोंडात घातली, डोळा बारीक केला आणि म्हणाली, "द्या पोरांना."

चिमीनं चिंच सोलली, तोंडात घातली.

"सांग," बाई सवयीनं म्हणाल्या आणि डोळे मिटून बसल्या.

चिमी काही बोलेना. बाई थांबल्या, पुन्हा "सांग गं" म्हणाल्या. आवाजच नाही. शेवटी त्यांनी डोळे उघडून बघितलं. चिमीचे खांदे कानाला लागले होते, एक डोळा गच्च बंद, ओठ आत ओढलेले, आणि हाताची मूठ हवेत. तिला शब्द सापडत नव्हता. शेजारी दादूचं तेच, त्याच्या पलीकडं तेच. गोलभर पोरं नुसती तोंडं वेडीवाकडी करून "स्स" करत बसली होती. बाई एकाकडून दुसऱ्याकडं बघत गेल्या. आणि मग त्यांनी घाईनं पदर तोंडाला लावला.

मला वाटलं, रडताहेत. सुमनही उठायला लागली. बाईंनी पदर काढला, त्याच्याकडं बघितलं. ओला झाला होता.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "तोंडाला पाणी सुटलं ओ माझ्या."

सुमन परत खाली बसली. बाईंनी हात पुढं केला, चिमीनं आपल्या तोंडातली अर्धी चोखलेली चिंच काढून त्यांच्या तळहातावर ठेवली, आणि त्यांनी ती तशीच तोंडात घातली. आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिलो. काही उमटलं नाही तिथं. खांदे वर गेले नाहीत, डोळा मिटला नाही. त्या मात्र चिंचोका स्वच्छ होईपर्यंत ती चोखत राहिल्या, अजिबात घाई न करता.

"बाई," चिमीनं विचारलं, "कशी लागली?"

बाईंनी चिंचोका हातात घेतला.

"तुला लागली तशीच गं बाळा," त्या म्हणाल्या.